पालथी फरशी

३ मार्च, सोमवार

नववी 'ब'च्या वर्गात, खिडकीजवळच्या सहाव्या बाकावर सकाळी जी कोणी बसते तिला,

तू कोण ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. तुझे केस लांब आहेत एवढं माहीत आहे, कारण ते मला कप्प्यात सापडतात. तुमची पाळी साडेबाराला सुटते, आमची एकला भरते. मधल्या अर्ध्या तासात शिपाईकाका वर्ग झाडतात, पण बाकांचे कप्पे कोणी झाडत नाही. पेन्सिलीचा भुसा, च्युइंगगम आणि तुझे केस रोज मी काढते. मी तुझी मोलकरीण नाही.

आज मात्र हद्द झाली. बाकावर कर्कटकाने कोरलंय, 'दुपारवाले घाण करतात'. वाचून माझं डोकंच फिरलं. बाबांच्या पिशवीतला पॉलिशपेपर माझ्या दप्तरात होता, त्याने मी भूगोलाचा अख्खा तास ते घासत बसले. आता तिथे बाक पांढरा पडलाय. पुन्हा कोरलंस तर पुन्हा घाशीन. बाक संपेल, मी संपणार नाही.

दुपारी बसणारी


४ मार्च, मंगळवार

दुपारी बसणारीस,

कोरलं ते मी नाही, माझ्या शेजारणीने. च्युइंगगमही तिचाच. केस माझे, ते कबूल. ती कोरत असताना मी गप्प बसून बघत होते हेही खरं. हे मी तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तुझी चिठ्ठी वाचून मला उगाचच वाटलं की तुला कळेल.

आता माझी तक्रार. गेल्या आठवड्यात माझी भूमितीची वही कप्प्यात राहिली. दुसऱ्या दिवशी बघते तर बाईंनी 'छान' शेरा दिलेल्या प्रमेयाखाली कोणीतरी लिहिलंय, 'तिसरी पायरी चुकली. बाईंनी बघितलंच नाही.' दुसऱ्याच्या वहीत लिहायचा तुला काय अधिकार? मी रागाने प्रमेय पुन्हा सोडवलं. तिसरी पायरी चुकलीच होती. त्यामुळे राग दुप्पट झाला.

तुझ्या संत्र्याच्या साली मी टाकून दिल्या आहेत. मीही तुझी मोलकरीण नाही.

सकाळी बसणारी


५ मार्च, बुधवार

सकाळ,

सारखं 'सकाळी बसणारी' काय लिहायचं, हात दुखतो. तू सकाळ, मी दुपार. नावं नकोत. नाव कळलं की आडनाव कळतं, आडनाव कळलं की पत्ता, आणि मग तू लिहायची बंद होशील.

कबुली दिलीस ते आवडलं. म्हणून एक काम सांगते. तू पोहण्याच्या तलावात उतरतेस ना? आम्हाला बंदी आहे. जाळीच्या दारावरची पाटी तू वाचली असशीलच. 'पाण्याच्या शुद्धतेच्या दृष्टीने दुपारच्या सत्रातील विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. पालक समिती.' खाली कोणाची तरी लफ्फेदार सही. आमचं स्वच्छतागृह जाळीला लागूनच, म्हणजे ही पाटी आम्ही दिवसातून दोनतीनदा वाचतो. शुद्धतेच्या दृष्टीने!

माझे बाबा फरश्या बसवतात. तो तलाव त्यांनी बसवलाय. तीन वर्षांपूर्वी, सात महिने गुडघ्यांवर बसून. आता त्यांचे गुडघे कामातून गेलेत, खाली बसले की उठवायला मी लागते.

बाबांच्या वस्तादाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. प्रत्येक कामात एक फरशी पालथी बसवायची, खरखरीत पाठ वर आणि गुळगुळीत तोंड सिमेंटात. गुळगुळीत बाजू सिमेंट धरत नाही, म्हणून ती टिकवणं सगळ्यात अवघड. ती टिकली तर कारागीर खरा. आणि वस्ताद म्हणायचा, "आपण फरशी घातली की दुसऱ्या दिवसापासून आपल्याला त्या दारातून आत घेत नाहीत. मग आत आपली एक तरी खूण असू दे." ठेकेदारालाही हे माहीत नसतं.

मी बाबांच्या तीन फरश्या शोधल्यात. दवाखान्यात दाराआड, बँकेत खांबामागे, नाटकगृहात जिन्याखाली. तलावातली राहिलीये. बाबा दर महिन्याला एकदा तरी विचारतात, पाण्यात धरली असेल का गं ती? खोल बाजूच्या शिडीची शेवटची पायरी आहे ना, तिच्या खाली भिंतीवर, डावीकडे तिसरी. बघून सांग.

दुपार


१० मार्च, सोमवार

प्रिय दुपार,

पाहिली! गुरुवारी पोहण्याच्या तासाला सूर मारून थेट तळाशी गेले. शिडीखाली डावीकडे तिसरी, अगदी तू सांगितलीस तिथे. बाकीच्या पांढऱ्या फरश्यांत ती जराशी गुलाबी दिसते, त्यामुळे लगेच ओळखू आली. अगदी भक्कम आहे. तुझ्या बाबांना सांग.

पोहण्यात माझ्या ताईने शाळेसाठी सहा ढाली आणल्यात, तेव्हा हे माझ्यासाठी काहीच नव्हतं.

सकाळ


११ मार्च, मंगळवार

सकाळ,

थापाडी.

बाबांनी तलावासाठी पांढऱ्या मातीची फरशी निवडून घेतली होती. तोंड पांढरं, पाठही पांढरी. पाण्याखाली ती कोणालाच दिसत नाही, हाताला किंवा पायाला कळते. मी हे तुला सांगायचं विसरले होते. बरं झालं विसरले.

काल घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, बाबा, धरलीये तुमची फरशी. ते चहा पीत होते, कप खाली ठेवून म्हणाले, "कशी लागते हाताला?" मी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. 'गुलाबी' ऐकल्यावर बाबा हसले आणि म्हणाले, "जाऊ दे, लहान आहे ती." पुन्हा कप उचलला नाही त्यांनी.

तुला नव्हतं जायचं तर नाही म्हणायचं होतंस. आमच्याशी खोटं बोलायला तुम्हाला काही वाटत नाही. बाकाचा कप्पा आजपासून तुझा तू झाड.


१९ मार्च, बुधवार

दुपार,

आठ दिवस मी रोज कप्पा झाडतेय. तुझी चिठ्ठी नसते, तरी झाडते.

खरं सांगते. हे घरात कोणाला माहीत नाही. मला पाण्याची भीती वाटते. दोरीच्या पलीकडे, खोल बाजूला, मी आजवर कधीच गेलेले नाही. सहा वर्षांची असताना ताईने मला गंमत म्हणून ढकललं होतं. मला वर काढल्यावर सगळे हसले, आईसुद्धा. तेव्हापासून पाणी छातीच्या वर आलं की मी काठाकडे पळते. मंगळवारी आणि गुरुवारी तलावाचा तास असतो. मी स्वतःच चिठ्ठी लिहिते, 'सर्दी असल्यामुळे सूट मिळावी', खाली आईची सही ठोकते आणि कपडे बदलायच्या खोलीत पुस्तक वाचत बसते. घरी जाताना नळाखाली केस ओले करते. पूर्ण वर्षभर हे चाललंय.

तू विचारलंस तेव्हा 'मी घाबरते' असं तुला लिहायची लाज वाटली. तू बाक संपवायला निघालेली मुलगी. तुझ्या बाबांचा कप मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुझ्या रागाला माझी काही तक्रार नाही. फक्त 'तुम्हाला' असं लिहिलंस ना, तिथे 'तुला' लिही. थाप मी एकटीने मारली.

सकाळ


२० मार्च, गुरुवार

थापाडे,

म्हणजे ज्या तलावात मला उतरता येत नाही म्हणून मी जाळीला नाक लावून उभी असते, त्यात तू उतरायला नको म्हणून पुस्तक वाचत बसतेस? मी हसावं की रडावं? आधी हसले. मग बाईंनी वर्गाबाहेर काढलं.

मला पोहता येतं. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठतं. आत्याने शिकवलं. तीही गवंड्याच्या हाताखाली काम करते, शिव्या देत शिकवते. तुला मी शिव्या न देता शिकवते, जमेल तेवढं.

एक. बादली भरून घे. तोंड घाल, डोळे उघडे ठेव. नाकातून बुडबुडे सोड, आत ओढू नकोस. पाचपर्यंत मोज आणि वर ये.

दोन. पाच जमले की दहा. घाई केलीस तर पुन्हा पाचावर.

तीन. वीस झाले की शिडी. पोहायचं नाहीये, नुसतं शिडी धरून खाली जायचं आहे. शिडी भिंतीत पक्की आहे, तुला सोडून कुठे पळणार नाही. तीही बाबांनीच बसवलीये.

भीती वाटली तर वाटू दे. तिला काठावर बसवून ठेव आणि तू खाली जा.

दुपार

ता. क. 'तुला' लिहिते. माफ नाही केलेलं अजून.


२८ मार्च, शुक्रवार

प्रिय दुपार,

बावीस!

स्वयंपाकाच्या मावशींना वाटतंय माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. रोज शाळेतून आले की न्हाणीघरातून बुडबुड आवाज येतो म्हणून काल त्यांनी दार वाजवलं, "अगं, बादलीत काय पडलंय?" मी म्हटलं, "मी." त्या बराच वेळ दाराबाहेर उभ्या राहिल्या.

कालच्या तासाला सर्दीची चिठ्ठी फाडून टाकली. पाण्यात उतरले, दोरी धरली. त्यापुढे गेले नाही. पण उतरले.

सकाळ


३ एप्रिल, गुरुवार

दुपार, दुपार, दुपार,

सापडली!

हा कागद ओला आहे कारण मी अजून अंगही पुसलेलं नाही. खोल बाजूच्या शिडीवरून उतरले. एकेक पायरी, डोळे मिटून. मग तुझं आठवलं, डोळे उघडे. आठपर्यंत मोजेतो शेवटच्या पायरीवर होते. डावीकडे हात फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एकदम नांगरलेल्या जमिनीसारखं! सरळ रेषांचे उंचवटे, एकाला एक लागून. मी ती नखांनी हलवून बघितली. तसूभर हलत नाही. चारही कडांना बोट फिरवलं, कुठेही फट नाही. बाबांना हे शब्द जसेच्या तसे वाचून दाखव.

वर येताना गुडघा तिच्यावर थोडा खरचटला. पोहण्याच्या सरांनी पट्टी लावली आणि विचारलं, कशावर घासलंस? मला इतका आनंद झाला होता की मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, सर, ती चूक नाही बरं का, ती कारागिराची खूण आहे. सरांनी डोळे मोठे केले. त्यांनाही आवडलं असणार.

तुझी (आता तरी?)
सकाळ


४ एप्रिल, शुक्रवार

सकाळ,

माफ केलं.

पत्र वाचलं बाबांपुढे. 'चारही कडांना फट नाही' हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग आईला हाक मारून तिसऱ्यांदा. रडले नाहीत, बाबा रडत नाहीत, पण जेवताना मध्येच थांबून आपणहून म्हणाले, "पाण्यात तीन वर्षं, आं?" आणि माझ्या ताटात आपल्या ताटातलं वाढलं. "पोरगी हुशार आहे," म्हणाले. म्हणजे तू. मला कधी म्हणत नाहीत.

तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवलीत. पण आता मला तिला स्वतः हात लावायचाय. तू लावलास म्हणून बरं वाटलं, आणि जीवही जळला. माझ्या बापाची खूण मला दुसऱ्याकडून ऐकावी लागते. हे तुझ्यावर रागावून लिहीत नाहीये. पण लिहितेय.

सरांना कशाला सांगितलंस?

दुपार


९ एप्रिल, बुधवार

दुपार,

हे पत्र लिहायला माझा हात धजत नाहीये.

सूचना फलकावर आज कागद लागलाय. तू दुपारी बघशीलच, पण आधी माझ्याकडून कळावं. 'तलावातील सदोष फरशीमुळे एका विद्यार्थिनीस इजा झाली आहे. शनिवारी तलाव रिकामा करून संबंधित कारागिराने सदर फरशी स्वतः सरळ करून द्यावी. अन्यथा नवीन सभागृहाच्या कामावरून त्यास कमी करण्यात येईल.'

ती विद्यार्थिनी मी. इजा म्हणजे नखाएवढं खरचटलेलं. सरांनी समितीला कळवलं. मी कौतुकाने बोलले आणि त्यांनी त्याची तक्रार केली.

अजून एक सांगायचं आहे. ते मी पहिल्या दिवसापासून लपवलंय. पालक समितीची अध्यक्ष माझी आई आहे. पाटीवरची सही तिची. तिची सही मी चिठ्ठ्यांवर वर्षभर गिरवली, त्यामुळे तिचं वळण मला झोपेतही येईल. काल घरी हे कानावर आलं तेव्हाच मी तिला म्हटलं, आई, ती फरशी राहू दे. ती म्हणाली, "तुझ्याच गुडघ्यासाठी चाललंय ना हे सगळं?" मी म्हटलं, "माझ्या गुडघ्याने कधी तक्रार केली?" ती त्यावर फोन घेऊन बाहेर गेली.

मला शिव्या दे. आत्यासारख्या दे.

सकाळ


१० एप्रिल, गुरुवार

सकाळ,

शिव्या दिल्या. कागदावर नाही, मोठ्याने, खाणीवर जाऊन. सगळ्या देऊन झाल्यावर तुझ्यासाठी एकही उरली नाही.

बाबांना निरोप आला. सभागृहाचं काम गेलं तर वर्षभर दुसरं काम नाही, या गुडघ्यांना कोण घेणार. "करतो सरळ," म्हणाले. एवढंच. पिशवीत थापी घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. ते म्हणाले, "बाळा, मी बसवली तेव्हाच मला ठाऊक होतं की कोणीतरी ती काढेल."

शनिवारी तलाव रिकामा होणार. म्हणजे उद्या शुक्रवार, शेवटचा दिवस. उद्या मी पाण्यात उतरणार. साडेबारा ते एकच्या मध्ये. तलावाच्या दाराला कुलूप असतं. चावी सरांच्या खोलीत खिळ्याला. तू आण.

दुपार


११ एप्रिल, शुक्रवार, सकाळी

चावी आणते. माझ्याकडे जास्तीची पोहण्याची टोपी आणि पोशाखही आहे, तो कप्प्यात ठेवते. टोपी घातली की सगळ्या सारख्याच दिसतात, कोणालाही कळणार नाही तू कोण ते.

सकाळ

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

टोपी नको. टोपी घालून गेले तर तूच गेलीस असं होईल. मी लपायला येत नाहीये. माझ्याच गणवेशात उतरणार. मधला अर्धा तास गाठायचा म्हणून लवकर आलेय, फाटकाशी उभी आहे. तुझी चिठ्ठी शिपाईकाकांनी इथेच आणून दिली, त्यांच्याच हाती परत पाठवतेय. त्यांनी वाचलं असणार, कारण हसतायत. तू फक्त दार उघडं धर.


१५ एप्रिल, मंगळवार

प्रिय दुपार,

तुझ्या घरचा पत्ता शिपाईकाकांनी दिला. तुला बारा दिवस शाळेत यायची बंदी. मला नुसती 'समज'. दार मी उघडलं, चावी मी चोरली, आणि मला समज! मी मुख्याध्यापकांना म्हटलं, मलाही बारा दिवस द्या. ते म्हणाले, वर्गात जा.

तू पाण्याखाली होतीस, म्हणून वरचं तुला सांगते. तू बुटांसकट उडी मारलीस तेव्हा तुमच्या वर्गातल्या मुली जाळीला चिकटल्या होत्या आणि आमच्या वर्गातल्या पायऱ्यांवर थबकल्या होत्या. सर धावत आले, मी दारात हात पसरून उभी. मग आई आली, समितीच्या बैठकीसाठी आली होती. "कोण आहे ती मुलगी?" मी म्हटलं, "माझ्या बाकावर बसते." "तुझ्या बाकावर तर..." "दुपारी बसते, आई." तेव्हा जाळीपलीकडून कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कोणी. आमच्या बाजूनेही दोघीतिघींनी. माझ्या कोरणाऱ्या शेजारणीने सरांची वाट अडवून धरली होती, मुद्दाम की चुकून ते ती सांगत नाही.

तू वर आलीस. निथळत माझ्यासमोर उभी राहिलीस आणि पहिलं वाक्य काय, तर "तू माझ्यापेक्षा बुटकी आहेस." सव्वा महिना पत्रं लिहून!

आईने मला घरी विचारलं, "मी मुलांच्या आरोग्याचा विचार करते, यात माझं काय चुकलं?" मी तिला म्हटलं, तलाव बांधताना सात महिने ते त्याच्या आत होते, तेव्हा आरोग्य कुठे गेलं होतं? ती माझ्याशी बोलत नाही. ताई म्हणते, मी वाया गेले.

फरशी सरळ झाली का? मी शनिवारी यायला निघाले होते, मला घराबाहेर सोडलं नाही.

सकाळ


१६ एप्रिल, बुधवार

बुटके,

आता खालचं ऐक. पाण्यात बूट जड झाले म्हणून मी दगडासारखी खाली गेले, ते बरंच झालं. हात लावला. दोन्ही तळवे लावले. मग गाल लावला. तुझं 'नांगरलेली जमीन' बरोबर होतं. मला वर यायचंच नव्हतं, पण छाती फुटायची वेळ आली.

झाली सरळ. बाबांबरोबर मी गेले होते. बंदी शाळेत यायला आहे, मजुरीला यायला नाही, असं बाबांनी फाटकावर सांगितलं आणि मला आत नेलं. रिकाम्या तलावात पाय टाकताना मला कसंतरी झालं. पाणी नसताना तो खाणीसारखाच दिसतो.

बाबांना ती निघेना. तासभर छिन्नी मारत होते. ठेकेदार म्हणाला, "सदोष काम म्हणता आणि ही तर निघतच नाही." बाबा छिन्नी मारतच राहिले, पण त्यांची पाठ मला माहीत आहे, ती हसत होती. शेवटी निघाली, तिचे चार तुकडे झाले. एक तुकडा माझ्याकडे आहे. नवी बसवली, तोंड वर. तुझी आई स्वतः खाली उतरून त्यावर हात फिरवून गेली. माझ्याकडे बघितलं. "तूच ना ती?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, मीच." माझी मान खाली गेली नाही, हे तुला कळवते.

मग बाबा म्हणाले, उथळ बाजूला दोरीच्या अलीकडे तळाची एक फरशी हलतेय, आलोच आहोत तर बसवून देतो. ती आधीपासून हलत होती की बाबांनी हलवली, ते विचारू नकोस. समिती चहाला गेली. बाबांना गुडघ्यांमुळे वाकवेना. त्यांनी थापी माझ्या हातात दिली.

सकाळ, ती मी बसवलीये. पालथी. माझी पहिली. वस्तादाने सांगितलं होतं, जिथे आपल्याला आत घेणार नाहीत तिथे खूण ठेवायची. पण मी तर आत जाणारच आहे, आज नाही तर उद्या. मग ही कोणासाठी, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, आत एकटी आहे तिच्यासाठी. कडा पॉलिशपेपरने घासल्यात, कोणाला खरचटणार नाही, नुसतं कळेल. पायाने शोध. आणि या वेळी तोंड बंद ठेव.

दुपार


२२ एप्रिल, मंगळवार

प्रिय दुपार,

शिपाईकाका आज संध्याकाळी हे घेऊन तुझ्याकडे येतील. अक्षर वाकडं आहे कारण बोटं अजून गार आहेत.

काल तलाव भरला. आज आमचा तास होता. मी पोशाख घातला नाही, गणवेशातच उतरले, बुटांशिवाय. भिंतीपासून दोरीपर्यंत पाय घासत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला डाव्या टाचेखाली कळली. मी तिच्यावर उभी राहिले. सरांनी शिट्टी वाजवली, तास संपला. मी उभीच. दोनदा, तीनदा शिट्टी. सगळ्या मुली बाहेर गेल्या. आईच्या पदाचा मला आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला, मला हात धरून ओढायची कोणाची छाती होईना.

पाऊण वाजता आई आली. काठावर उभी राहून म्हणाली, "बाहेर ये." मी म्हटलं, नाही. "पाण्याला घाबरतेस ना तू? तुझ्या सर्दीच्या सगळ्या चिठ्ठ्या सरांनी मला दाखवल्यात." मी म्हटलं, "हो, घाबरते. मला उतरायला दुपारच्या मुलीने शिकवलं, बादलीत. तिला पाण्यात बंदी असताना." आईने घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "किती वेळ उभी राहणार आहेस?" मी म्हटलं, दुपारची पाळी पाण्यात उतरेपर्यंत.

एकला तुमची घंटा झाली. तुमच्या वर्गातल्या मुली जाळीजवळ येऊन उभ्या राहिल्या. वर्गात जायला कोणी हलेना. माझ्या शेजारणीने घरी न जाता काठावर बसून पाण्यात पाय सोडले. अजून तिघी बसल्या. पाटी कोणी काढली नाही, आणि कोणी वाचतही नव्हतं.

दोन वाजता माझे पाय बधिर झाले आणि मी आपणहून वर आले. हरले म्हणून नाही. गुरुवारी पुन्हा उभं राहायचंय, त्यासाठी. आईने माझ्या खांद्यावर पंचा टाकला. ती पाटीकडे बघत होती. मला तिच्यावर अजून विश्वास नाही. उगाच तुला आशा लावत नाही.

तुझी बंदी उद्या संपते. परवा गुरुवारी मी साडेअकराला उतरेन आणि घंटा होईपर्यंत तिथेच असेन. जाळीचं दार आतून उघडं ठेवायचं काम शेजारणीने घेतलंय, मी सांगितलेलं नसताना. तुझ्या बाबांना काठावर बसायला शिपाईकाका खुर्ची आणणार आहेत. तू गणवेशातच ये. बूट मात्र काढ.

फरशी लहान आहे, पण दोघींचा एकेक पाय मावेल.

तुझी
सकाळ